मिश्री लागलेली काचपट्टी

"यशोधराताई, काचपट्टी एकच ना? मग तुमच्या आणि श्रद्धाच्या आकड्यात एवढा फरक कसा?" राजसी मॅडमनी विचारलं.

"एकच आहे," यशोधरा म्हणाली.

श्रद्धा नवी होती. तिचा आवाज आधीच रडवेला झाला होता. "मॅडम, मी परत परत बघितलं. खराब पेशी खूप होत्या."

"तुला रंगाचे डागसुद्धा खराबच दिसतात. ताईंचा आकडा धरू या."

अंबरनाथच्या या प्रयोगशाळेत उल्हासनगरच्या जीन्स धुलाईत राबलेल्या बायकांच्या गालाच्या आतल्या पेशी तपासल्या जात होत्या. पेशीत मोठ्या केंद्रकाशेजारी टिंबाएवढं दुसरं दिसलं, की ती बिघडलेली. अशा पेशी जास्त निघाल्या, तर त्या बाईला पुढच्या तपासणीला बोलवायचं. मोजणाऱ्याला माया सुटू नये म्हणून काचपट्टीवर नुसता क्रमांक. नावं मॅडमच्या ताब्यात. शिवाय प्रत्येक पट्टी दोघींनी वेगवेगळी मोजायची.

बंदोबस्त चोख होता. तो सुंदराबाईने मोडला.

सुंदराबाई यशोधराची शेजारीण, तीही धुलाईत राबलेली. नमुना द्यायला येताना नुसती चूळ भरून या, असं बजावलं होतं. पण चारचौघींत तोंड उघडायचं म्हणून ही बाई चांगली तंबाखूची काळी मिश्री घासून गेली, आणि घरी येऊन हसत हसत सांगितलंही. मग हसू आवरून म्हणाली, "पण काय निघायला नको हां. सून नातीला माझ्याकडं ठेवायची नाय."

भिंगाखाली एकाच पट्टीवर काळे कण दिसले, तिथून यशोधराची नजर घसरायला लागली. बिघडलेली पेशी आली, की वाटे, असेल रंगाचा डाग. खोटं असं तिने काही लिहिलं नव्हतं. फक्त दर वेळी संशयाचा फायदा एकाच बाईला दिला होता.

श्रद्धा ओढणीने नाक पुसत होती.

"मॅडम, तिचं बरोबर आहे," यशोधरा म्हणाली. "मी बाई ओळखली होती."

मॅडमनी संगणक तिच्याकडे वळवला. तिथे जुना आकडा पुसता येत नाही. नवा शेजारी बसतो आणि कारण लिहावं लागतं. यशोधराने लिहिलं, 'ओळखीची.'

"आणि बाकीच्या पट्ट्या?"

"त्या नीट मोजल्यात, मॅडम."

"ते मला आता कसं कळणार, ताई?"

तिने मोजलेलं सगळं दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी ती घरी पोचली, तर सुंदराबाई दारातच उभी. "तुझ्या मॅडमचा फोन आलेला. उद्या दवाखान्यात बोलवलंय. माझं तू बघितलंस काय गं?"

"बघितलं, मावशी."

"मग?"

"तपासून घेऊ. मी येते ना तुझ्याबरोबर."

"उद्या कशाला? इथंच बघ की. एवढी शिकलीस!" कडेवरच्या नातीला खाली ठेवून सुंदराबाई स्टुलावर बसली आणि तिने तोंड उघडलं.

यशोधराने मोबाइलचा टॉर्च लावला. आत ओला, गुलाबी गाल होता. नुसत्या डोळ्यांना त्यात काहीच दिसत नव्हतं. तरी ती बघत राहिली, आणि ती बघते आहे म्हणून सुंदराबाईनेही तोंड मिटलं नाही.