डाव्या कानातला झरा

शालूबाईला हवं होतं ते थोडकंच: दुपारच्या भाकरीनंतर घटकाभर सावली आणि तिचं बोलणं ऐकणारा नवरा. मळा होता, विहीर होती, बैलजोडी होती. ऐकणारा तेवढा सुरुंगाने नेला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन उन्हाळे झाले होते. देऊळघाटच्या मळ्यात विहिरीचा खडक फोडताना, सुरुंगाची वात विझली असं वाटून तिचा नवरा उत्तमराव वाकून पाहायला गेला. वात विझली नव्हती. माणूस वाचला, विहिरीला पाणी लागलं, आणि उत्तमरावाच्या डाव्या कानात जी झिंऽऽ सुरू झाली ती थांबेचना.

"पाणी वांग्याले, अन् बोंब माह्या कानाले!" एवढंच तो म्हणे आणि विहिरीकडे पाठ करून बसे. दुपारी निंबाखाली सगळं निवांत झालं की झिंऽऽ वाढे. मग तो उठे नि बैलांवर, वांग्यांवर, बायकोवर खेकसे. लसणाचं तेल झालं, बुलढाण्याचा डॉक्टर झाला. शेजारच्या मळ्यातला कडूबा म्हणाला, "काय बे उत्तम, कानावर एक मोट बसव ना, अन् उपसून टाक थे झिंऽऽ!" उत्तमरावाने त्याच्याशी बोलणं टाकलं.

एका दुपारी शालूबाईने त्याला हात धरून विहिरीच्या पायऱ्यांवरून उतरवलं. खाली गारवा होता. पाण्यातलं ऊन खडकावर हलत होतं. फुटलेल्या भेगेतून बारीक झरा येत होता.

"उजवा कान लावा इथं. काय आयकू येते?"

"झिंऽऽ."

"अन् डाव्यात?"

त्याने डावा कान चाचपला. "तसंच वं."

झिंऽऽ कुठेही कान लावला तरी येणारच होती. हे तिला माहीत होतं. त्याला ते पुढेही कधी सुचलं नाही.

"मंग? किती वर्सं थे पाणी अंधारात पडून होतं. वाट मोकळी झाली, अन् समोर तुमी दिसले. शिरलं थोडंसं तुमच्यात. विहीर उन्हाळ्यात आटन. तुमचा झरा नाही आटनार."

"तू मले येडा समजतं का?"

"हाव. पण आयका तं खरं."

तो निंबाखाली आडवा झाला. झिंऽऽ आली. त्याने शिवी दिली नाही, वाट पाहिली. हळूहळू सावली पाण्यासारखी हलू लागली. वांग्याची जांभळी फुलं तरंगत आली. बैल गळ्यापर्यंत बुडून रवंथ करत होते, आणि काळ्या खडकाच्या आतून पाणी त्याच्याकडेच चालत येत होतं. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. तो आपणहून विहिरीवर गेला, खाली डोकावून हसला. संध्याकाळी कडूबाला हाक मारून तंबाखूही दिली.

दुसऱ्या दुपारी शालूबाईने कित्येक महिन्यांचं साठलेलं बोलणं बाहेर काढलं. धाडच्या बाजारात बहीण कोकिळा भेटली, तिच्या लेकीला देऊळगाव राजाचं स्थळ आलं, पोरगा कसा, सासू कशी. उत्तमराव गालात हसत होता. तिला हुरूप आला. मग तिचं लक्ष गेलं: झऱ्यात भलती गडबड मिसळू नये म्हणून त्याने चांगला कान घोंगडीत दाबून घेतला होता.

"अहो, आयकता ना?"

तो हसतच होता. तिने त्याच्या तोंडावरची माशी पदराने हाकलली आणि बैलांकडे तोंड करून पुढचं सांगायला घेतलं.

पाणी वांग्यांना मिळालं, झोप उत्तमरावाला, तंबाखू कडूबाला. किंमत मोजली ती एकट्या शालूबाईने. कोकिळेच्या लेकीचं स्थळ जमलं की मोडलं, हे त्या मळ्यात फक्त बैलांना ठाऊक आहे.