घड्याळात पावणेतीन

मी एक जुनी चित्रफीत बोलतेय. पत्र्याच्या गोल डब्यात गुंडाळलेली, कडेला आक्रसलेली, अंगाला आंबूस वास मारणारी. माझ्यावर रेल्वेचा एक माहितीपट आहे, वीस मिनिटांचा. गेल्या आठवड्यात जे घडलं त्याने मी अजून हादरलेली आहे. फितीला कसला आलाय धक्का, असं म्हणाल. आधी ऐकून तर घ्या.

रेल्वेचा एक छायाचित्रकार मला कॅमेऱ्यात भरून एका लहानशा स्टेशनावर उतरला. त्याला स्टेशनाचा एक दिवस दाखवायचा होता. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची मेल त्याने फलाटावरून टिपली. फार देखणी आली ती. पण कॅमेरा एकच. मेल टिपायची तर त्याच वेळी केबिनमध्ये सिग्नलचा दांडा ओढणारा माणूस कोण टिपणार? म्हणून दुपारी तो केबिनचा जिना चढला.

केबिनवाला कामाचा पक्का. दांड्याला हाताचा घाम लागू नये म्हणून फडक्यात धरूनच ओढायचा. गाडी निघाल्याची पुढच्या केबिनची घंटा आली की उलट घंटा द्यायची, वहीत नोंद करायची आणि मगच दांड्याला हात घालायचा, हा त्याचा क्रम.

"घंटा नाही, गाडी नाही, आणि दांडा ओढू? भलतंच काय सांगता साहेब?" तो म्हणाला.

"स्टेशनमास्तरांना विचारलंय मी. नुसता ओढा आणि परत सोडा. तीन सेकंदांचं काम."

मास्तरांनी खालून हात हलवून होकार दिला. केबिनवाल्याने दांडा ओढला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला बघून तोंडभर हसला. का हसला ते मला कळलं नाही. मला समोरचंच दिसतं.

मग संकलकाने मला कापलं. मेल दूरवर दिसते, दांडा ओढला जातो, मेल धडधडत येते. सकाळ आणि दुपार त्याने अशी काही चिकटवली की कुणाला शंका यावी कशाला? सुरुवातीला पाटीही आली, 'यातील प्रत्येक दृश्य खरे आहे.' मलाही ते खरंच वाटायचं.

चार महिन्यांनी त्याच स्टेशनात दोन मालगाड्या एकमेकींवर आदळल्या. दोन माणसं गेली. केबिनवाला म्हणाला, घंटा आली होती. पुढच्या केबिनचा माणूस म्हणाला, मी दिलीच नाही. कोण खरं बोलत होतं, मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हते. पण चौकशीत कुणाला तरी माझी आठवण झाली आणि मला पडद्यावर लावलं.

"बघा. घंटा नाही, नोंद नाही, आणि वर हसतोय. ही याची सवयच दिसते," चौकशीचे साहेब म्हणाले.

मी थिजले. मला साक्षीला उभं केलं होतं आणि मी डोळ्यांदेखत खोटं बोलत होते. केबिनवाला कळवळून सांगत होता, "ते दुपारी मुद्दाम काढलंय हो." छायाचित्रकार समोरच बसला होता. पाटी खोटी ठरली असती तर त्याची नोकरी गेली असती. तो मूग गिळून बसला. मास्तरांनाही काही आठवेना.

"तेव्हा केबिनमध्ये छायाचित्रकार सोडून आणखी कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

केबिनवाल्याने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "कोणी नव्हतं." त्याची नोकरी गेली. दोन माणसांचा जीव घेणारा, हे नाव मात्र शेवटपर्यंत राहिलं.

मग मी चाळीस वर्षं डब्यात पडून होते. गेल्या आठवड्यात संग्रहालयातल्या तंत्रज्ञ बाईने मला बाहेर काढलं. तिच्याशेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती. केबिनवाल्याची मुलगी.

"वडिलांना हसताना बघायचंय. घरी कधी हसलेच नाहीत. जाऊन अकरा वर्षं झाली," ती म्हणाली.

पूर्वी मला पडद्यावर थांबवलं तर दिव्याच्या आचेने मी जळायचे, म्हणून कुणी थांबवतच नसे. हे यंत्र नवं. तंत्रज्ञ बाईचं बोट माझ्या जोडावर अडकलं, तिने चित्र थांबवलं आणि ती चमकली.

"मावशी, मागचं घड्याळ बघा. मेल नऊ-दहाची ना? इथे पावणेतीन वाजलेत."

घड्याळावर जगणारी रेल्वेची माणसं. चौकशीला नऊ जण बसले होते. एकानेही घड्याळ पाहिलं नव्हतं.

मुलगी खुर्चीतून उठली. "पावणेतीन? शाळा सुटली की मी बाबांचा डबा घेऊन जायचे. त्या दिवशी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून मी त्यांना वेडावून दाखवत होते." ती पडद्याजवळ गेली. "केबिनमध्ये बाहेरच्या कुणाला घ्यायची मनाई होती. म्हणून बाबांनी माझं नाव घेतलं नाही का? मी सात वर्षांची होते. मी सांगितलं असतं ना सगळं."

तेव्हा मला कळलं तो कुणाकडे बघून हसला होता.

आता माझी नवी प्रत काढणार आहेत. ओरखडे पुसतील, डाग काढतील. खुशाल काढा. पण बायांनो, तो जोड तेवढा झाकू नका आणि ती पाटी आता काढून टाका. मुलगी उद्या पुन्हा येणार आहे, आईला घेऊन. मी तीन सेकंद घेऊन तयार आहे.