वावरातला शब्द

पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत चाळीस घरं एकमेकांना चिकटून उभी होती. एका घरी कोणी खोकलं की दुसऱ्या घरून काढा यायचा, आणि काढ्यासोबत सल्लाही. विधवेनं पाणी कधी भरावं, कोणाशी बोलावं, हसावं तर किती, सगळं ठरलेलं. त्या वर्षी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्यप्रदेशातच राहिलो, म्हणून पुरुषमंडळी महिनाभर ओट्यावर भांडली. गल्लीच्या कायद्याचं मात्र कोणी नावही काढलं नाही.

विजया त्याच गल्लीतली तरुण विधवा, आणि तिचे सासरे भगवंतराव गल्लीचे पंच. दिवाळीनंतर दोघं आठ दिवस कापूस वेचायला रामाकोना गावच्या वावरात गेली. तिथं शेजारच्या वावरातल्या गुणवंतानं विजयाशी पाट लावायची परवानगी मागितली. विधवेचं दुसरं लग्न त्यांच्या जातीत काही नवं नव्हतं. खुद्द भगवंतरावांची आई पाटाचीच. पण गल्लीत आता ते कमीपणाचं मानलं जायचं. आसपास चिटपाखरू नव्हतं. भगवंतराव सदरा काढून वावराच्या कडेला धुऱ्यावर कांदा-भाकर खात बसले होते.

"घेऊन जा ना बापू! पोरीचं भलं होईन. मी नाही म्हननारा कोन?"

विजयाला वाटलं, आपला जन्म पुन्हा सुरू झाला. तीही बावळटच! वावरातला शब्द तिनं गल्लीत आणला.

"मामाजी, मंग तिथी कधी काढता?" तिनं ओट्यावरच विचारलं.

"काय बोलून राहिली? मी कधी म्हनलो?" भगवंतराव चाळीसही घरांना ऐकू जाईल असे ओरडले. आत आल्यावर हळूच म्हणाले, "लोकं पाहून राहिले ना बाई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस वाईट असता तर परवडलं असतं. हा तर चांगुलपणासुद्धा माणसं मोजून करणारा!

तिसऱ्या दिवशी भरदुपारी गुणवंताकडे जायला तिनं ट्रंक उचलली. धडाधड दारं उघडली. तिला अडवावं असं प्रत्येकाला वाटत होतं, पण पहिला जो पुढे येईल त्यालाच गल्ली विचारणार, "तुला रे काय एवढा पुळका?" म्हणून उंबरठा कोणी ओलांडला नाही.

विजया सासऱ्यांच्या पाया पडली.

"येतो मामाजी. आशीर्वाद द्या."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात उचलला, तो तिच्या डोक्यावर टेकणार इतक्यात समोरच्या खिडकीत नत्थूजींचं तोंड दिसलं. भगवंतरावांनी त्याच हातानं स्वतःची टोपी सरळ केली.