सावली नसलेलं यान

फारुक सुट्टीवर आला की राजिवड्यातल्या त्याच्या घरात व्हिडिओ लागायचा, आणि सिनेमा ठरलेला: अंतराळातल्या लढाईचा. इंग्रजी कुणाच्या बापाला कळत होतं? पण फारुकने त्यातूनच खेळ काढला होता. पडद्यावर काही करामत दिसली की तो ओरडायचा, "खरं की खोटं?" कुवेतला तो उंच टाक्यांवर वेल्डिंग करायचा, त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पहिल्या भागातली यानं माणसांनी हाताने बांधलेली होती, ती त्याने पास केली. दुसऱ्या भागात कॉम्प्युटरने काढलेला एक ग्रह होता, संथ फिरत एका बाजूने अंधारात जाणारा. तो फारुकने कॅसेट मागे नेऊन परत बघितला. मग म्हणाला, "खरं. मशीनने काढलाय, पण खरं." त्याच्या बायकोला, साबेराला, तो ग्रह पुढे दोन वर्षं आठवत राहिला.

या खेपेला तिसरा भाग आला. "यात सगळीच यानं कॉम्प्युटरची," कॅसेटवाल्याने छाती फुगवून सांगितलेलं. रविवारी दुपारी शेजारची कमळा पोरांना घेऊन येऊन बसली. आणि काय सांगायचं, त्या कॉम्प्युटरने पार माती खाल्ली होती! भलंमोठं यान वाळूवर उतरलं, पण खाली सावलीचा पत्ता नाही. वाळूचा कणसुद्धा हलला नाही.

"खोटं! खोटं!" पोरं लोळून हसायला लागली.

"अगो बाय, आमचा पोरगा पाटीवर बरं काढतो ह्याच्यापेक्षा," कमळा म्हणाली.

फारुक मात्र पुढे सरकून बसला होता. "वा! काय दणक्यात उतरलं! खरं, एकदम खरं!"

सगळ्यांना वाटलं, मस्करी करतोय. साबेराला तसं वाटलं नाही. तो दाद देत होता ती आवाजाला. आल्यापासून तो माशाचे काटे तिच्याकडून काढून घेत होता, आणि ही वेडी, नवरा लाडात आलाय म्हणून लाजत होती. कसले मेले लाड!

माणसं गेल्यावर तिने दार लोटलं. "डोळ्यांना काय झालंय तुमच्या?"

"काय व्हायचंय? कामावरचा धूर बसलाय."

"येत्या जुम्म्याला तुमचं विमान, की परत त्या टाकीवर चढणार. आणि सावली नव्हती ते तुम्हाला दिसलं नाही."

"कशाची सावली?"

मग त्यानेच हळूहळू सांगितलं. समोरचं सगळं काळं, कडेकडेचं तेवढं थोडं दिसतं. तिकडच्या डॉक्टरने हात टेकले होते.

"घरी बसून काय करू गो? एकदा जाऊ दे. हाताला सवय आहे."

"हाताला आहे, आणि पायाला? वरून पडलात तर मला काय येणार, मयताची पेटी?"

एवढं बोलली आणि तिला रडूच फुटलं. लग्न झाल्यापासून तिने एकच दुवा मागितली होती, हा माणूस घरी राहू दे. कबूल झाली ती, पण ही अशी! आता तो रोज समोर असणार होता आणि तिचं तोंड त्याला दिसणार नव्हतं.

फारुकने उठून चाचपत खुंटीवरच्या सदऱ्यातून पासपोर्ट काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो ट्रंकेत तळाशी ठेवला.

"तो सिनेमा लाव परत," तो म्हणाला. "तू सांग, मी ऐकतो."

तिने कॅसेट मागे नेली. तेच यान, तीच मेलेली वाळू. साबेराने पदराने डोळे पुसले.

"आलं हां. केवढं मोठं आहे! वाळू उडतेय नुसती. आणि सावली... सावली सगळ्या वाळूवर पसरतेय."

फारुकचा हात तिचा गाल शोधत आला. गाल ओला होता.

"खोटं गो," तो म्हणाला. "पुढे सांग."