सर्वांत लाडकी मुलगी

माणसाला माणूस जोडणं हेच शिक्षणाचं अंतिम ध्येय, असं सातवीच्या वर्गशिक्षिका बाईंनी सभागृहात गंभीर आवाजात सांगितलं. त्या वेळी त्यांच्याच वर्गाची मागची रांग पुढच्या रांगेच्या वेण्या खुर्च्यांना बांधत होती.

आपल्या वर्गात एकही मूल एकटं नाही, हा बाईंचा अभिमान. शेजारच्या वर्गाच्या बाई यावर नाक मुरडायच्या. म्हणून बाईंनी उपक्रम काढला: प्रत्येकाने पटावरच्या प्रत्येकाबद्दल एक चांगली ओळ लिहायची. ज्याच्याबद्दल सगळ्यांत गोड लिहिलं जाईल, त्याचा शनिवारी पालकांसमोर सत्कार. मुख्याध्यापकांनी ढाल मागवूनही टाकली.

चिठ्ठ्या वाचताना बाईंना घाम फुटला. 'हा आता कमी चावतो.' 'ही झोपलेली असली की चांगली असते.' एकमत होतं ते फक्त तेवीस नंबरच्या मुलीबद्दल. कधी भांडत नाही. कुणाच्या अध्यातमध्यात नसते. डबा हिसकावत नाही. एकीने तर 'अशी मैत्रीण सगळ्यांना मिळो' असं लिहून खाली फूल काढलं होतं.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच मुलीच्या आईला फोन लावून सत्काराचं आमंत्रण दिलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आम्ही ते गाव सोडून दीड महिना झाला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही तुमचीच आहे."

सह्यांचा गठ्ठा समोर आला की तो वाचत बसायची बाईंना सवय नव्हती. हजेरीपट उघडला, तर तेवीस नंबर दीड महिना रोज हजर. चहा पिता पिता बाई वरून खाली 'ह' ओढत सुटायच्या.

"आमची आठवण काढते का हो ती?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"नाही," आई म्हणाली. "तिथं दोन वर्षांत तिच्याशी कुणी धड बोललं नाही. म्हणून तर मी बदली मागून घेतली. इथं आता तिला गप्प बस म्हणावं लागतं."

हे सगळं मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की दुसरा नंबर ज्याचा आलाय तो तरी शाळेत येतो ना.

बाई तशाच वर्गात गेल्या. तेवीस नंबर कुठं बसायची, असं त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं खिडकीपाशी, कुणी म्हणालं दाराजवळ. फूल काढणारी बराच वेळ आठवत राहिली.

"बाई, ती चष्मेवाली ना?"

"मी इथंच आहे," पहिल्या बाकावरून चष्मेवाली म्हणाली.

एकवीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी पहिल्यांदाच डोकी मोजली. तेवीस नंबर वजा जाता पटावर अडतीस मुलं होती. वर्गात छत्तीस भरली. उरलेली दोन कोण, ते कुणालाच सांगता येईना.