फिक्का पांढरा

आंबा, चॉकलेट, व्हॅनिला, केशर-पिस्ता. डब्यावर चार चवी, चारी गोड. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात दिवाळीचा लाडू फोडला न्हाय, चिवड्यावर सण काढला. आणि आता जबड्याच्या ऑपरेशननंतर जेवण म्हणून दिवसातनं सहा वेळा हीच गोड पावडर, पाण्यात कालवून. दुसरं काय गिळतच न्हाय. बोलता येत न्हाय म्हणून उशाला पाटी ठेवलेली. पहिल्या आठवड्यात पाटीवर शिव्या असायच्या, ते बरं होतं. मग नुसतं 'नको' यायला लागलं. परवापासनं तेबी न्हाय. पेला बघितला की भिंतीकडं तोंड.

लाईट चालू होती. रेडिएशनला आम्ही लाईटच म्हणतो, अजून नऊ राहिलेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर लाईट थांबवावी लागंल. शनिवारी काटा शेहेचाळीसला होता. सोमवारी परत वजन करायचं होतं.

डब्यावरच्या नंबराला फोन लावला. म्हटलं, "ताई, तुमच्यात खारटातलं कायच न्हाय का? जिऱ्याचं, टोमॅटोचं, नुसतं मिठाचं तरी?"

"मॅडम, स्ट्रॉबेरी नवीन आलंय."

"अगं बाई, माणूस मरायला लागलाय हितं," म्हटलं आणि ठेवला. आजारी माणसाला गोडच लागतंय, हे ह्या डबेवाल्यांना कुणी शिकवलं कुणास ठाऊक.

दवाखान्यातल्या आहाराच्या प्रियदर्शनी मॅडम मात्र चांगल्या. त्यांनी बिनचवीची पावडर शोधून दिली. म्हणाल्या, "मटणाच्या सुपात कालवा. कोमट, गाळून. तिखट अजिबात नको, तोंड आतनं सोललंय त्यांचं."

"पांढऱ्या रश्श्यात चालंल की."

"तो तिखट नसतो ना?"

"छे ओ. पांढराच तो."

रविवारी सकाळी मटणाच्या नळ्या शिजवून अळणी पाणी काढलं. नारळाचं दूध घातलं, तीळ-खसखस वाटून घातली. लाल चटणीचा डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला, चुकूनबी हात जायला नको म्हणून. फडक्यातनं गाळलं, पावडर कालवली, दोनदा चाखलं. मला फिक्कं लागलं.

वासानंच ह्यांनी तोंड भिंतीकडनं वळवलं. आपले आपण उठून बसले. एक चमचा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला डोळे फाडले.

ठसका लागला तो थांबंना. श्वास आत जाईना. तोंड काळंनिळं झालं. पुढं वाकवलं, पाठ थोपटली. "अवो, खोका. जोरात खोका." संपलं, असंच वाटलं. मीच मारलं ह्यांना, माझ्या हातच्या रश्श्यानं. मग एकदाचं नाकातोंडातनं सगळं बाहेर आलं आणि श्वास आत गेला.

त्यांना टेकवून स्वयंपाकघरात आले, तर खलबत्त्याच्या तळाशी पांढरी मिरी. कधी कुटली, कधी घातली, आठवंना. पांढऱ्यात मिरी आपण घालत न्हाय, हातच घालतोय. आणि चाखणारी जीभ कोल्हापुरातली, तिला काय कळणार? पातेलं तसंच मोरीत पालथं केलं. आता परत तीच गोड पावडर. ती हे घेणार न्हाईत, आणि काटा उद्या.

आतनं पाटीवर टकटक झाली. जायचं धाडस होईना. 'नको' असणार, आता कायमचं.

गेले. पाटी माझ्याकडं धरलेली होती.

'सांडलंस व्हय सगळं? मिरी काढ. मीठ वाढव.'

पलंगाच्या पायाशी बसून मी रडले. मग परत नळ्या आणायला पिशवी घेतली. शेजारच्या मदिनाभाबीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि जाताना खलबत्ता, मिरीची बरणी तिच्या घरात नेऊन ठेवली.

"भाबी," म्हटलं, "मी मागितली तरी देऊ नको."