तहानलेली लालबाई

कारखान्याच्या कामगारवस्तीतली, कॅम्प एकमधली गिरजाबाई थापा अशा मारे, का ऐकणारीची भाकर तव्यावर जळून जाय. उतईच्या बाजारात म्हणे तिनं एवढं मोठं वांगं पाहिलं होतं, का त्याच्या सावलीत बैलजोडी बसली होती!

तवा कारखान्याची भट्टी नवीनच पेटली होती. लोखंडावरची वितळलेली मळी, तिले सारे स्लॅग म्हणत, रुळावरच्या डब्यांतून आणून कॅम्पामागच्या खड्ड्यात ओतत. आभाळ लाल होऊन जाय. मग वर काळी खपली धरे, अन् बाया काठाकाठानं कोळशाचे तुकडे येचाले जात.

जीपवर भोंगा लावून एक माणूस ओरडत फिरे, "स्लॅग के पास मत जाइए! पानी मत डालिए!"

"आला वं तुहा भाऊ," बाया एकमेकींले चिडवत, अन् टोपले उचलत.

गिरजाबाईचा नवरा भाऊराव त्या डब्यांवरच कामाले होता. जेवता जेवता तो म्हणाला, "वरून काळी दिसते, पण आत लालच राहते. भेगेत पाणी गेलं का तोफेवानी उडते. भोंग्याचं कोणी ऐकून नाई राहिलं. तू सांग ना तुह्या पद्धतीनं."

"म्हणजे थाप मारू?"

"दुसरं काय येते तुले?"

गिरजाबाईनं नळावर सांगून टाकलं. त्या खपलीखाली लालबाई निजली हाय. तहानेनं तिची जीभ पार तिकडं सुपेला गावापर्यंत लोंबते. जवळ गेलं का माणसालेच पिऊन घेते. परवा एक कावळा वरून उडाला, तं भाजूनच खाली पडला, मीठ लावाचं तेवढं बाकी होतं!

खड्ड्याकडे कोणी फिरकेना. भाऊराव खूश, गिरजाबाई तं फुगूनच गेली.

अन् शेजारच्या शेवंताच्या पोरीले, शालूले, माता आली. आंगभर फोड, ताप उतरेना. कडुनिंबाचा पाला झाला, देवीच्या ठाण्यावर पाणी घालणं झालं. दिवेलागणीले गिरजाबाई पोरीले पाहाले गेली, तं खाटेजवळ शेवंताची सासू एकटीच.

"शेवंता कुठं गेली वं?"

"लालबाईले थंड कराले. घागर घेऊन गेली. तूच तं सांगतलं, तहानलेली हाय म्हणून. तिचीच आग पोरीच्या आंगात शिरली."

 गिरजाबाई पदर खोचून खड्ड्याकडे पळाली.

डबे नुकतेच ओतून गेले होते. भेगांतून लाल उजेड फुटून राहिला होता. शेवंता अनवाणी, काठावर, डोक्यावर घागर.

"शेवंते, थांब! मरशीन!"

"टाकू दे मावशी. पोरगी जळून राहिली माही."

"अवं, थाप होती ते! लालबाई-गिलबाई कोणी नाई!"

शेवंता वळली. तिले राग नाई आला, कीव आली. "भेली तू मावशी. तुह्या तोंडून लालबाईच बोलली, तुले काय मालूम?"

घागर डोक्यावरून उतरली. भेगेकडे वाकली.

खरं बोलून चालेना, तवा गिरजाबाईनं केस सोडले, डोळे फिरवले अन् घुमाले लागली. "घाई कावून करून राहिली? ठेव घागर तिथंच! मागं हो! मी आपल्या हातानं पिईन! तू जा पोरीजवळ!"

शेवंतानं घागर ठेवली, माथा टेकला अन् गेली. गिरजाबाईनं घागर ओढत दूर नेली, कोरड्या बांधावर रिकामी केली, अन् गुपचूप शेवंताच्या दाराशी ठेवून आली.

तिथंच चुकलं.

सकाळी शालूचा ताप उतरला. दारात रिकामी घागर. शेवंता नळावर रडत रडत सांगून राहिली, "पिली वं बाई! सारं पाणी पिली!"

संध्याकाळी डब्यांची शिटी वाजली. आभाळ लाल झालं. गिरजाबाई दारात आली, तं रस्ताभर बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर घागर. जीप भोंगा वाजवत मागून येत होती, एकीनंही मान वळवली नाई.

गिरजाबाईनं केस सोडले अन् धावली. घुमत घुमतच सगळ्यांच्या पुढं गेली. "मागं फिरा! पोट भरलं माहं!"

बाया थांबल्या. पण सगळ्यांत पुढं वस्तीतलीच सिंधुताई होती. तिच्याही घरात ताप होता. तिचे केस आपोआप सुटले, अन् ती घुमाले लागली. ते सोंग नव्हतं.

"हे खोटी हाय!" तिनं गिरजाबाईकडे बोट केलं. "मी हावो लालबाई! कालचं पुरलं नाई मले! जवळ आणा!"

अन् घागरी पुढं सरकल्या.